सासूबाईंची चरबी निवडताना

मी डॉक्टर आहे असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच मनगट पुढे करतो. मग त्याला समजवावं लागतं की बाबा, माझ्याकडे अख्खा माणूस येत नाही, त्याचा तुकडा येतो. मी पॅथॉलॉजिस्ट. ऑपरेशनमध्ये काढलेलं जे काही असेल ते माझ्या लॅबमध्ये येतं. मी ते कापते, त्याच्या काचा करते, मायक्रोस्कोपखाली बघते आणि साधं आहे की वाईट ते लिहून देते. लॅब नंदुरबारला, स्टँडपासून चालत जाण्यासारखी. अक्कलकुवा, खापर, तळोदा, शहादा, सगळीकडून बरण्या येतात. कुणी पित्ताशय लोणच्याच्या बरणीत आणतं, कुणी गर्भाशय श्रीखंडाच्या डब्यात. एका गृहस्थांनी अपेंडिक्स पाण्याच्या बाटलीत घातलं होतं. आत गेलं, पण तुकडा टिकवायच्या औषधात, फॉर्मेलिनमध्ये, कडक झाल्यावर बाहेर निघेना. बाटली कापावी लागली, तर गृहस्थ माझ्यावरच चिडले, बाटली नवी होती म्हणून.

या धंद्यामुळे मला कशाची किळस राहिलेली नाही. धीर मात्र पहिल्यापासूनच कमी. आणि नेमकं घर असं मिळालं की तिथे फक्त धीराचीच परीक्षा असते.

घर शहाद्याला. नवरा कॉलेजात शिकवतो, दीर केळी आणि कापूस बघतो, आणि सगळ्यांच्या डोक्यावर सासूबाई. घरात बोलणं अहिराणीत. मी नंदुरबारच्या शाळेत वाढलेली, त्यामुळे रोजचं उत्तर पुस्तकी मराठीत देते, पण राग आला की माझीही अहिराणी सुटते. सासूबाईंच्या मते तेवढ्याच वेळी मी माणसासारखी बोलते.

आमच्यातलं भांडण तुरीच्या डाळीचं. तूर घरच्या शेतातली, डाळ गावातच भरडलेली, आणि खळ्यातले खडे तिच्यासोबत फुकट. हे खडे फार बेरकी. रंग डाळीचा, आकार डाळीचा, दाताखाली आल्याशिवाय ओळख देत नाहीत. रविवारी ताट माझ्यासमोर यायचं. धाकट्या जावेने लग्नाच्या पहिल्याच वर्षी "मला जवळचं दिसत नाही" असं जाहीर करून स्वतःची सुटका करून घेतली होती. मला ते सुचलं नाही. शिवाय दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावणाऱ्या बाईने जवळचं दिसत नाही म्हणायचं तर गिऱ्हाइकं पळायची.

मी निवडायचे. मग सासूबाई तेच ताट स्वतःच्या मांडीवर ओढायच्या आणि पुन्हा निवडायच्या. बोटाच्या टोकांनी डाळ पसरायच्या, बघायच्यासुद्धा नाहीत, गप्पा मारता मारता हात फिरवायच्या. आणि खडा निघायचाच. तो त्या टाकून देत नसत. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीत नेऊन ठेवत, मला येता-जाता दिसावा म्हणून. तिथे माझ्या अकलेचं प्रदर्शन भरलेलं होतं. पाहुणे आले की त्यांनाही दाखवायच्या. "मन्ही वहू लोकेसना पोटमातला खडा काढस," असं म्हणायच्या, "दायमातला नई सापडत तिले." पित्ताशयातले खडे मी काढत नाही, ते सर्जन काढतो, हे मी अनेकदा सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

असं चाललेलं असताना सासूबाईंना दम लागायला लागला. जिना चढल्या की बसायच्या. चेहरा पांढरा पडला. त्यांचं निदान तयार होतं, मी केलेल्या डाळीत सत्त्व नाही. मी रक्त काढून लॅबमध्ये नेलं तर हिमोग्लोबिन इतकं कमी की मला वाटलं नळीच बदलली. या वयात, एवढी जेवणारी बाई, आणि रक्त कुठेतरी झिरपतंय. मला शंका आली आणि ती शंका मी पदराला बांधून घरभर फिरत राहिले, कारण नवऱ्याला सांगितलं असतं तर तो आधी रडला असता आणि मग मला समजावलं असतं.

धुळ्याला दुर्बिणीने तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ. तिचा कपटा माझ्याकडेच आला. साधी नव्हती.

आता आमच्याकडची रीत अशी की ज्याला आजार झालाय त्याला सोडून बाकी सगळ्या तालुक्याला तो कळवायचा. नवरा म्हणाला, आईला अल्सर सांगू. दीर म्हणाला, मूळव्याध सांगू. दोघं मूळव्याध की अल्सर यावर वाद घालत असताना सासूबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "काय लपाडी ऱ्हायनात रे? कॅन्सर शे ना?" दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो आई, आहे.

त्या पाटावर बसल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मंग आते?"

मी त्यांना सगळं सांगितलं, कारण खोटं बोलायला मला जमत नाही आणि त्यांना पकडायला जमतं. म्हटलं, आतड्याचा तेवढा भाग कापून काढायचा. त्याच्यासोबत चरबीचा एक पडदा निघतो, आतड्याला रक्त पुरवणारा. त्या चरबीत बारीक बारीक लसिकांच्या गाठी असतात, सगळ्यांनाच असतात. गुजरातच्या रस्त्यावर जसा चेकनाका, तशा या गाठी. कॅन्सर आतड्यातून पुढे निघाला तर आधी तिथे अडकतो. गाठी स्वच्छ निघाल्या तर काम संपलं, घरी या. एकीतही तो सापडला तर सहा महिने सलाइनमधून औषध. केमो.

"अन् सापडस का नई ते कोण देखस?"

"मी बघते. चरबीतून गाठी शोधून काढाव्या लागतात. निदान बारा तरी सापडल्या पाहिजेत, नाहीतर स्वच्छ आहे असं कुणी छातीठोक म्हणू शकत नाही."

"शोधतस म्हंजे?"

"बोटांनी. निवडतात."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीच्या चौकटीकडे पाहिलं. मग नवऱ्याला विचारलं, "दुसरं कोनी नई का?"

खरं म्हणजे मलाही दुसरंच कुणी हवं होतं. घरच्या माणसाचं आपण बघू नये, हा आमच्यातला साधा शहाणपणा आहे. मी म्हटलं, सुरतला पाठवू, मुंबईला पाठवू. पण त्यावर त्या ठाम. "मन्हं पोट परगाव जावाव नई. काय शे ते घरमा ऱ्हावू दे." शेवटी ठरलं की शोधायचं मी आणि काचा माझ्या जुन्या सरांकडे दुसऱ्या मतासाठी पाठवायच्या.

केमोला त्यांचा नकार होता. पलीकडच्या गल्लीतली त्यांची मैत्रीण त्या औषधात खंगत गेलेली त्यांनी पाहिली होती. तोंडाने मात्र कारण वेगळं द्यायच्या. "सहा महिना मन्हा चूल्हावर कोन? तू?" असं विचारायच्या आणि सगळ्यांना हसवायच्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांची वेणी घालत होते, तेव्हा पाठमोऱ्याच म्हणाल्या, "साफ निंघनं ते सांग. नई निंघनं ते बी सांग. पन बारीक देखजो वं." मला इतकं वाईट वाटलं की मी वेणी घट्ट घातली आणि त्यावरून बोलणी खाल्ली.

ऑपरेशन शहाद्यालाच, माझ्या सर्जन वर्गमित्राच्या दवाखान्यात. मी थांबायचं नाही, असा सासूबाईंचा हुकूम. "ती तठे बी चुका काढी." म्हणून मी नंदुरबारला लॅबमध्ये. सर्जनला मी आधीच दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. एक, काढलेला भाग फॉर्मेलिनमध्ये बुडवायचा नाही, ताजा पाठवायचा. दोन, त्या चरबीतल्या मोठ्या धमनीचं टोक बांधशील तो दोरा लांब ठेवायचा, म्हणजे मला ते टोक सापडेल.

"कशाला एवढे लाड?" तो म्हणाला.

"निळा रंग भरणार आहे."

ही युक्ती माझी नव्हे, वाचलेली आणि एकदोनदा करून पाहिलेली. मिथिलीन ब्लू नावाचा रंग प्रत्येक लॅबमध्ये असतो. तो पातळ करून काढलेल्या आतड्याच्या धमनीतून हळूहळू सोडला की रक्ताच्या वाटेने चरबीभर पसरतो. चरबी पिवळसर राहते आणि गाठी निळ्या होतात. एरवी पिवळ्या चरबीत पिवळट गाठी शोधायच्या म्हणजे आमच्या तुरीच्या डाळीचाच प्रकार. जाड बाईची चरबी असेल तर आणखी मुश्कील, आणि सासूबाई काही काटकुळ्या नव्हत्या. मला माझ्या बोटांवर भरवसा नव्हता, हे सरळ सांगते. इतक्या वर्षांच्या रविवारांनी तो ठेवलाच नव्हता.

ऑपरेशन दुपारी झालं. दिराचा फोन आला, आई ठीक आहे. मी म्हटलं, भाऊजी, डब्यात दवाई टाकू द्यायची नाही, बर्फात ठेवा आणि लगेच निघा. "हाव वहिनी," म्हणाले. शहादा ते नंदुरबार रस्ता काही परदेशचा नाही. मी सुई, रंग, ट्रे मांडून बसले.

चहा झाला. दुसरा चहा झाला. डबा येईना.

नवऱ्याला फोन लावला तर मागे लग्नघरासारखा गलका. आमच्याकडे काढलेला तुकडा नातेवाइकांना दाखवावाच लागतो. नाही दाखवला तर डॉक्टरने नुसतं फाडून शिवलं असं गावभर होतं. सर्जन बिचारा ट्रे घेऊन दारात उभा राहतो आणि लोक एकेक करून पुढे येतात, दर्शनाची रांग लागल्यासारखे. सगळ्यांनी पाहिलं होतं. पण सासूबाईंचा भाऊ गावाहून यायचा होता, आणि माहेरच्या माणसाने पाहिल्याशिवाय डबा हलवायचा कसा? उद्या त्याने विचारलं की माझ्या बहिणीचं काय काढलं, तर उत्तर कोण देणार? म्हणून सगळे मामांच्या एसटीची वाट बघत होते.

"आणि डबा कुठाय?" मी विचारलं.

"ठेवलाय थंड जागी. काळजी करू नकोस," नवरा म्हणाला.

दिवस कलला तेव्हा दीर आले. स्टीलचा डबा छातीशी धरलेला. मी झाकण उघडलं आणि माझ्या नाकात पिकत्या केळ्यांचा वास शिरला. आतड्याचे बरेच वास मला माहीत आहेत, हा त्यात नव्हता.

"भाऊजी, हे कुठे ठेवलं होतं?"

"चेंबरमा."

दिरांची केळी पिकवायच्या चेंबरमध्ये भागीदारी आहे. मोठी खोली, तिथे थोडा गारवा आणि गॅस सोडून केळी पिवळी करतात. त्या खोलीत, केळीच्या क्रेटवर, माझ्या सासूबाईंचं आतडं दुपारभर ठेवलेलं होतं.

"मी बर्फ म्हटलं होतं ना?"

"वहिनी, बर्फाने माल काळा पडतो." अगदी गंभीरपणे, माझ्यावर उपकार केल्यासारखं सांगितलं. केळ्याचं हे खरं आहे. फार थंडीत त्याची साल काळी पडते, सगळ्या केळीवाल्यांना माहीत असतं. आईचा माल काळा पडू नये म्हणून या माणसाने जगातल्या त्याला ठाऊक असलेल्या सगळ्यात चांगल्या जागी तो नेऊन ठेवला होता. बरं, घरच्या फ्रिजमध्ये ठेवावं तर तिथे देवाचं दही.

माझी अहिराणी सुटली. "तुमनी अक्कल बी तठेच ठेई उनात का?" इथपासून पुढे बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. दीर खाली मान घालून ऐकत राहिले. ते एकदाही उलट बोलले नाहीत, त्यामुळे मला आणखी राग आला.

चरबी मऊ पडायला लागली होती. अशा मऊ चरबीत बोटाला गाठी लागत नाहीत, सगळंच गुळगुळीत लागतं. आता निळा रंग हाच काय तो आधार. लांब दोरा सापडला, सर्जनने शब्द पाळला होता. धमनीच्या तोंडात बारीक सुई बसवली, दोऱ्याने आवळली आणि पिचकारी दाबायला सुरुवात केली.

रंग आत गेला आणि जिथे जिथे कापलं होतं तिथून बाहेर गळायला लागला. चिमटे कमी पडले. दिरांना म्हटलं, हातमोजे घाला आणि इथे बोटाने दाबून धरा. त्यांनी धरलं. निळी धार त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाली, माझ्या साडीवर उडाली, टेबलावरून फरशीवर गेली. माझा मोजा सुईने फाटला होता, नखं निळी झाली. हळूहळू पिवळ्या चरबीत निळ्या रेषा उमटू लागल्या, झाडाच्या पानावर असतात तशा.

"फवारनीना पंपसारखं शे," दीर म्हणाले. मग म्हणाले, "वहिनी, हाई आईनंच शे ना?"

दुपारी ट्रेमध्ये गर्दीत पाहिलेलं वेगळं आणि आता बोटाखाली धरलेलं वेगळं. मी म्हटलं, हो, आईचंच आहे, दाबून धरा. त्यांनी शेवटपर्यंत दाबून धरलं. काम झाल्यावर बाहेरच्या बाकावर बसून रडले. मी आत होते, मी रडले नाही, कारण नाक पुसायला हात स्वच्छ नव्हता.

अर्धी चरबी निळी झाली, अर्धी झालीच नाही. धमनीची एक फांदी बंद पडली असावी, नाहीतर चेंबरची कृपा. जे झालं ते झालं म्हणून सगळं फॉर्मेलिनमध्ये टाकलं आणि घरी गेले.

दिरांनी शर्टाचं कारण कुणाला तरी सांगितलं. सकाळपर्यंत गल्लीत पसरलं की सासूचं आतडं सुनेने पाहिलं तर ते निळं निघालं. आमचा भाग कापसाचा, फवारणीच्या औषधाने माणूस कसा होतो ते इथे सगळ्यांना ठाऊक. निळं म्हणजे विष. आणि विष म्हणजे कोण, तर रविवारी जिच्या हातची डाळ होते ती. सासूबाई बोलायला लागल्यावर एक लांबची आत्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून हळूच विचारती झाली, सून काही खायला-प्यायला देत होती का. पोटाला टाके असताना सासूबाई म्हणाल्या, "तिन्हा हातनी दाय खाईसन बी मी जित्ती शे. इख मन्हं काय करी?" मी दाराशीच उभी होते. मला हसू आलं आणि आत्याला घाम.

पण हे आत्याचं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये मी ती चरबी पुढ्यात घेऊन बसले. पातळ पातळ काप केले. जो भाग निळा झाला होता तिथे गाठी स्वतःहून वर आल्या. मोठ्या दिसल्याच, पण बोटाला कधी लागल्या नसत्या अशा बारीकही दिसल्या. जो भाग निळा झाला नव्हता तिथे मी दुपारपर्यंत चिवडत होते आणि हाताला दोन लागल्या. सगळ्या मिळून बाराच्या वर गेल्या. आकडा भरला.

मी मोजे काढले. पाठ मोडून आली होती. थांबले असते तर कुणी मला विचारलं नसतं. अहवालात संख्या पुरेशी होती, बाकीचा चिवडा डब्यात परत टाकायचा आणि घरी जायचं. पण समोर निवडलेलं ताट होतं आणि माझ्या डोक्यात सासूबाईंची मांडी आली. मी निवडलेलं असलं की पुन्हा निवडायचं, हा आमच्या घरचा नियम. त्या इथे असत्या तर त्यांनी ट्रे ओढूनच घेतला असता. त्या नव्हत्या, म्हणून त्यांचं काम मला करावं लागणार होतं. मी पुन्हा मोजे घातले. मनात त्यांना शिव्या दिल्या.

दुसऱ्या फेरीत, त्या लांब दोऱ्याच्या अगदी बुडाशी, निळ्या धमनीला चिकटलेला आणखी एक ठिपका निघाला. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. पहिल्यांदा मला तो धमनीचाच तुकडा वाटला होता. काढला आणि वेगळ्या डबीत ठेवला.

काचा तयार व्हायला वेळ लागतो. त्या आल्या तेव्हा मी एकेक लावून पाहिली. स्वच्छ, स्वच्छ, हीही स्वच्छ. मला मनातून गाणं म्हणावंसं वाटायला लागलं होतं. मोठी गाठ, जिची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, तीही स्वच्छ. मग राजगिरा लावला. कडेला, गाठीच्या आपल्या पेशींच्या गर्दीत, त्या दुसऱ्या पेशींचा एक घोळका बसला होता. मला तो ओळखायला क्षणही लागला नाही. आतड्याच्या कपट्यात मी त्यांना आधी भेटले होते.

मी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला आणि दिवा बंद करूनही बघत राहिले. मला फार राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. रंगाचा आला, स्वतःच्या दुसऱ्या फेरीचा आला. पहिल्या फेरीत थांबले असते तर सासूबाई हसत घरी आल्या असत्या, चुलीपुढे बसल्या असत्या, तो राजगिरा डब्यातच पडून राहिला असता, आणि त्याची सुटलेली भावंडं कुठेतरी आणखी आत, त्यांच्या पोटात, कामाला लागली असती. सरांना काच पाठवली. त्यांनीही तेच सांगितलं.

सासूबाई घरी आल्या तेव्हा त्यांना खिडकीजवळ पलंग दिला होता. मी शेजारी बसले. त्यांनीच विचारलं, "खडा निंघना का?"

"निघाला, आई. एक."

"कितला मोठा?"

"राजगिऱ्याएवढा."

त्या उशीवरून अर्ध्या उठल्या. "अन् तुले दिसना?"

मी केमोचं सांगायला तयार होऊन आले होते, नातवंडांची शपथ घालायला तयार होऊन आले होते, आणि या बाईला आश्चर्य कशाचं वाटावं, तर मला दिसला याचं. म्हटलं, निळं करून घेतलं होतं, आणि दोनदा निवडलं. "दोनदा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्यासारखं.

त्या परत आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. मग मागे हात आला, माझा हात चाचपडला, आणि माझ्या नखावर अंगठा घासून पाहिला. निळं अजून गेलं नव्हतं. "लेसू सुया," केमोला होकार देत त्या भिंतीला म्हणाल्या. "पन दाय मीच निवडसू."

सहा महिने गेले ते कसे गेले ते गेले. तोंड आलं, जेवण गेलं, शिव्या मात्र गेल्या नाहीत, आणि त्यावर आम्ही सगळे जगलो. त्या औषधाची एक खोड आहे, थंड वस्तूला हात लावला की बोटांना झिणझिण्यांचे चटके बसतात. पहिल्यांदा सासूबाईंनी फ्रिजमधली पाण्याची बाटली धरली आणि ओरडून सोडली, तेव्हा दीर माझ्याकडे असे बघत उभे राहिले की काय सांगू. "म्हटलं होतं ना वहिनी, बर्फ चालत नई," म्हणाले. इतके दिवस त्यांनी ते मनात धरून ठेवलं होतं.

दुसरी खोड उशिरा कळली. औषध संपलं, तपासण्या स्वच्छ आल्या, विरळ झालेले केस परत भरायला लागले, पण बोटांची टोकं बधिर राहिली. साडीची निरी हाताला लागेना, सुईत दोरा ओवता येईना. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका रविवारी डाळीचं ताट घेऊन बसल्या. बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, डाळीकडे निरखून पाहिलं, जे त्यांनी कधीच केलं नव्हतं. मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तू निवड. मले टीव्ही देखना शे." टीव्ही बंद होता. मी तो लावून दिला आणि निवडायला बसले. एकदा निवडलं, दुसऱ्यांदा निवडलं. ताट त्यांच्याकडे नेलं तर त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही. "टाक चढाई," म्हणाल्या.

रात्री सगळे जेवायला बसलो. पहिल्याच घासाला सासूबाईंच्या दाताखाली कट् झालं. नवऱ्याचा हात थांबला. दिरांनी ताटात डोकं घातलं. मी खिडकीच्या चौकटीकडे पाहिलं. तिथली रांग कुणी पुसलेली नव्हती आणि शेवटी एकाची जागा होती.

सासूबाईंनी खडा तोंडातून काढला. बधिर बोटांत तो धरता येत नव्हता, तळहातावर घेतला. दिव्याखाली धरून, मी काच धरते तसा, अलीकडून पलीकडून बघितला. मग उठल्या, चौकटीपाशी गेल्या आणि तो हात तसाच पुढे नेऊन खिडकीतून बाहेर अंगणात झटकला.

"साधा शे," परत बसत म्हणाल्या. "याले लॅबमा नई धाडनं. दाय वाढ."